पहिली टाळी खोलीची

नातीच्या रेकॉर्डिंगसाठी गारखेड्यातला स्टुडिओ पसंत करायला आम्ही दोघी गेलो, तर शिरताच तिनं टाळी वाजवली. मला हसूच फुटलं.

सोळाव्या वर्षी माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगसाठी मी आरशांचा दिवाणखाना निवडला होता. गाताना स्वतःला बघायचं होतं ना! सारंगीवाले रहमानचाचा आत आले आणि त्यांनी टाळी वाजवली. मी लगेच वाकून आदाब केला.

“अगं, तुला नाय, खोलीला वाजवली! कशी घुमती बघ. इथं तुझे बोल एकमेकांवर आदळतील.”

त्यांनी मला रजयांच्या गोदामात नेलं. तिथं टाळी कापसात विरली. नव्या कापसाच्या वासात मी रुसूनच गायले. गाणं संपल्यावर चाचांनी पुन्हा टाळी वाजवली. मी शहाणी, खोलीकडं बघत बसले.

“येडे, ही तुझी!”

नात आता माईकपुढं उभी राहिलीय. माझे हात तयार आहेत.