भाताशिवायचा रकाना

मुलांचं वजन का वाढतं, या अभ्यासासाठी मी वारासिवनीत घरोघर फॉर्म भरत फिरत होते. काल दिवसभरात काय खाल्लं, हा पहिलाच प्रश्न. एका घरी दहावीतली मुलगी म्हणाली, "काहीच नाही, मॅडम." तिची आई तावातावाने पुढे आली. "भात सोडला हो हिनं. तरी वजन काहून वाढून राह्यलं?"

मी रकान्यात 'काही नाही' लिहिलं, पण तिथून उठवेना. खिडकीत समोशाचा तेलकट कागद पडला होता. "हे कोणी खाल्लं?"

"मीच," मुलगी सहज म्हणाली. "दोन समोसे, मग चिप्स, कोल्ड्रिंक. पण ते का कोणी खाण्यात धरते?"

मला स्वतःचाच संताप आला. असे कितीतरी 'काही नाही' मी महिनाभर मुकाट्याने लिहिले होते. मीही याच धानाच्या मुलखातली. पानात भात पडला नाही तर इथे माणूस उपाशीच, हे मला कळायला नको होतं?

धुसफुसतच घरी आले. आईने विचारलं, "काही खाल्लं का वं दिवसभर?"

"कुठलं काय! सकाळपासून उपाशी आहो मी," असं खेकसून मी पिशवी पलंगावर उलटी केली. फॉर्मच्या गठ्ठ्याबरोबर बिस्किटांचे तीन रिकामे पुडे बाहेर पडले.