खिडकीतला आवाज

आमच्या काकांची उभी हयात बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. सगळे त्यांना चौकशीकाकाच म्हणतात. त्या खिडकीचा एक अलिखित नियम होता: गाडी डेपोतून हललेली नसली, तरी तसं सांगायचं नाही. "निघालीय, वाटेत आहे, येईल एवढ्यात," असं शांत आवाजात सांगायचं. नाही म्हटलं की माणसं अंगावर येतात, वाटेत आहे म्हटलं की बिचारी सामानावर जाऊन बसतात. निवृत्त झाल्यावरही काकांची ती सवय सुटली नाही. घरी बोलावलेला प्लंबरसुद्धा कायम वाटेतच असायचा.

परवा काकूच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दोनदा तिनेच ते पुढे ढकलायला लावलं होतं. हट्ट एकच, पोराचं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही. आता आणखी थांबलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पोरगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आमचा दादा, नऊ हजार किलोमीटर लांब. विमानाला सव्वाअकरा तास. काकांनी माझ्या फोनवर हे इतक्यांदा बघायला लावलं, की मी झोपेतही सांगितलं असतं.

सकाळी दादाचा मेसेज आला. सुट्टी नाकारली, येता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी तो वाचला, मला गप्प राहायची खूण केली आणि काकूच्या खाटेशी गेले.

"निघालाय. वाटेत आहे."

"कुठवर आलाय?"

"समुद्र ओलांडला असेल आता. नऊ हजार किलोमीटर म्हणजे काय खायचं काम आहे? तू जाऊन ये आत. शुद्धीवर येशील तोवर उशाशी असेल."

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. खुर्चीत रात्री काढून काकांचे डोळे सुजले होते, शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "हा खिडकीतला आवाज झाला. अख्खा संसार केलाय मी त्या आवाजाशी. निघालाच नाही ना तो?"

काका खाटेच्या कडेवर बसले. "नाही. येत नाहीये."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा अडून बसणार. काकूने डोळे पुसले, चष्मा काढून काकांच्या खिशात ठेवला आणि न्यायला आलेल्या नर्सला म्हणाली, "चला बाई. कुणासाठी थांबायचं नाही आता." मग काकांना म्हणाली, "पोराने माझं विचारलं, तर खरं सांगा."

दुपारी दादाचा फोन आला. मी स्पीकर लावला. "बाबा, आई आली का बाहेर?"

"येईल एव..." काका सवयीने म्हणाले आणि थांबले. बंद दाराकडे बघत राहिले.

"माहीत नाही रे," ते म्हणाले. "मला फार भीती वाटतेय."