बागेतल्या सौद्यात तिसरा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. आता मलाच सांगायची वेळ आली आहे...

भोर तेव्हा संस्थान होतं. मी कामथडीचा, बैलांचा व्यापारी. कुणाच्या आधाराशिवाय धंद्यात उभा राहिलेला. माझ्या गोठ्यात वाढलेला सोन्या थोरल्या भावानं मला न विचारता विकला – भोरच्या जुन्या सार्वजनिक बागेतल्या माळीबुवांना. तो राग अजून गेलेला नाही. सोन्याला परत आणायचंच, म्हणून एका दुपारी मी बागेत गेलो. विहिरीवर तो मोट ओढत होता.

चाफ्याखालच्या दगडी बाकावर मी आणि माळीबुवा बसलो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. मूठ मिटली की सौदा मोडला.

मी तीन बोटं दाबली. माळीबुवा खुशीत म्हणाले, "पाच? जमलं."

"बुवा, तीन दाबली म्या."

"व्हय? मग दोन दोन हातांनी कशापायी दाबताय?"

माझं डोकं फिरलं. "माझा डावा हात काठीवर हाय. लबाडी तुमीच करताय."

"आन् माझ्या डाव्या हातात बिडी हाय. दिसंना व्हय?"

मी उपरणं झटकलं. आत दोनच हात. बाकाच्या मागं, खाली पाहिलं – कुणी नाही.

मग मलाच राहवेना. डावे हात वर धरून, उजवे उपरण्याखाली घालून आम्ही पुन्हा बसलो. या वेळी नीट कळलं... तिसरा तळवा आला. खरखरीत, ओला, नुकतं पाणी शेंदल्यासारखा. त्यानं माझी बोटं सावकाश, एकेक करून मिटवली.

माळीबुवांची बिडी खाली पडली. "माझीबी मूठ मिटली," ते म्हणाले. "बैल आता इकायचा न्हाई, पाव्हणं."

मी भाव वाढवला, उघड, तोंडानं. शिव्याही दिल्या. ते फक्त मान हलवत राहिले.

निघताना, मोटेवरून सोडून बांधलेल्या सोन्याजवळ गेलो. त्यानं माझा डावा हात चाटला. उजवा पुढं केला, तर हुंगला आणि दावं ताणून मागं सरला. हौदावर तीनदा हात धुऊन आलो, तरी तेच.

बैल तिथंच राहिला. हात माझाच होता. सोन्याला त्यात कुणाचा वास आला, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.