खाली बरं वाटतं

बुऱ्हाणपुरात साध्या माणसाला ‘सीधा’ म्हणतात. माझं लग्न जमवणाऱ्या बाईंनी माझ्या वडिलांना हेच सांगितलं होतं, “मुलगा एकदम सीधा आहे.” वडील खूश झाले. आम्ही साताऱ्याकडचे. सीधा म्हणजे सरळमार्गी, पान-तंबाखू नाही, उलट बोलणं नाही, असं त्यांनी धरलं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा शेजारणींनी तोच शब्द मला वेगळ्या सुरात ऐकवला. “तुझा नवरा लई सीधा आहे हं,” असं म्हणायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. मग कळलं, या शब्दाच्या पोटात आणखी एक अर्थ आहे. याला काही कळत नाही, याच्याकडून काहीही करून घ्या.

ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. जाण्याच्या काही महिने आधी ह्यांनी मला फोनवर तीन शब्दांचं एक वाक्य सांगितलं होतं आणि मी ते चुकीचं ऐकलं. घरात हुशार मी. गल्लीचं तसं मत होतं, नातेवाइकांचं होतं, माझं तर होतंच. ते वाक्य मी नीट ऐकलं असतं तर ते आज असते का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. धीरच झाला नाही. पण दिवसातून एकदा तरी तो प्रश्न माझ्यापुढं येऊन बसतो, आणि घरात दुसरं कोणी नसल्यामुळं त्याला उठवायला कोणी येत नाही.

ह्यांचा सीधेपणा म्हणजे काय, ते आधी सांगते. माणसं तोंडानं एक बोलतात आणि त्यांच्या मनात दुसरं असतं, हे ह्यांना कधी पटलंच नाही. लग्नानंतर आम्ही साताऱ्याला माझ्या मामीकडे जेवायला गेलो. आमच्याकडची रीत अशी की वाढणारीनं “आणखी एक पोळी?” विचारायचं, जावयानं “नको, पुरे” म्हणायचं, तिनं आग्रह करायचा आणि मग त्यानं अर्धी घ्यायची. मामीनं विचारलं आणि हे म्हणाले, “वाढा.” तिनं पुन्हा विचारलं, हे पुन्हा “वाढा.” सात पोळ्या झाल्या. मामीला स्वतःसाठी पुन्हा कणीक भिजवावी लागली. एसटीत मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. हे शांतपणे म्हणाले, “तिनं विचारलं. मला भूक होती.”

आणि आमच्या घरी याच्या उलट. पाहुणा रीतीप्रमाणं “नको नको” म्हणाला की हे पोळ्यांचा डबा उचलून आत नेऊन ठेवायचे. माझा भाऊ एकदा असाच अर्धपोटी उठला. नंतर मला म्हणाला, “ताई, स्टेशनवर सहा केळी खाल्ली, तेव्हा कुठं जीवात जीव आला.” मी हसले, पण मनातून शरमले. मला वाटायचं, आपल्या पदरात हे काय पडलं!

आता तो शब्द. लग्नाला महिनाही झाला नव्हता. हे पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे आणि तो कारखाना तेव्हा बंद होता. घर दुमजली. वर स्वयंपाकघर आणि एक खोली, खाली एक मोठी खोली, तिला शटर. तिथं पूर्वी सासऱ्यांचे दोन माग होते, ते विकून टाकलेले. मधे अरुंद, उभा जिना. मी सासूबाईंना विचारलं, “हे कुठं आहेत?” त्यांना वाटलं, मी नोकरीचं विचारतेय. म्हणाल्या, “अवं, तो त खालीच बसेल आहे दोन महिन्यांपासून!” मी जिना उतरून खाली गेले. खालची खोली बघितली, मोरी बघितली, शटर वर करून रस्ता बघितला. परत वर येऊन म्हटलं, “खाली नाहीत हो ते.” सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इकडं ‘खाली’ म्हणजे रिकामा. खाली बसलाय म्हणजे कामधंद्याविना बसलाय.

मला ते हसू फार लागलं. त्याच दिवशी मी ह्यांना समोर बसवून शिकवलं. “हे बघा, वरच्या विरुद्ध खाली. आणि ज्यात काही नाही ते रिकामं. घर रिकामं, डबा रिकामा, माणूस रिकामा. मराठीत खाली म्हणजे खाली. समजलं?” हे म्हणाले, “समजलं.”

आणि ह्यांना खरंच समजलं. पुढच्या आठवड्यात आम्ही बाजारात उन्हात उभे होतो. एक ऑटो आली. ह्यांनी हात केला आणि विचारलं, “भाई, रिकामा है क्या?” ऑटोवाला म्हणाला, “नहीं भैया, खाली है.” हे मला म्हणाले, “नाही म्हणतो. चल, दुसरी बघू.” ऑटो निघून गेली. मी पिशव्या खाली ठेवून कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून ह्यांनी रिकाम्या गोष्टीला कधी खाली म्हटलं नाही. अख्ख्या गल्लीत तेवढे एकटेच. दोस्त टिंगल करायचे, “बायकोनं पुणेरी बनवून टाकलं.” ह्यांना त्याचं काही नव्हतं. मी सांगितलं होतं, विषय संपला.

मी मात्र बदलत गेले. तीस वर्षं या गावात भाजी घेतली, भांडले, बारशी केली, मयतीला गेले. “बस खाली आहे का?” “तुम्ही खाली आहात का, जरा येता?” हे माझ्याही तोंडी कधी बसलं, ते कळलं नाही. शिकवणारी मी, आणि मीच विसरले.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. तिला बाळ झालं तेव्हा मी तिकडं राहायला निघाले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हे तोवर कारखान्यातून मोकळे झाले होते. निघताना ह्यांनी विचारलं, “कधी येशील?” पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा विचारलं. माझी गाडीची घाई, डोकं तापलेलं. म्हटलं, “हे बघा, रोज फोनवर कधी येतेस, कधी येतेस करू नका. यायचं तेव्हा येईन.” हे म्हणाले, “बरं.”

सहा महिने मी तिथं होते. रोज संध्याकाळी सातला फोन. जेवण काय केलंत, दूधवाला येतो का, आणि मग माझा ठरलेला प्रश्न, “काय करताय?” सुरुवातीला हे टीव्ही, पेपर असं काहीतरी सांगायचे. दिवाळी तोंडावर आली तेव्हापासून एकच उत्तर येऊ लागलं, “खाली आहे.” मी मनात म्हणायची, असणारच. नोकरी नाही, बायको नाही, दुसरं काय करणार? आणि एकदाही ह्यांनी विचारलं नाही की कधी येतेस. मला ते खुपायचं. ह्यांना आपली आठवणसुद्धा येत नाही, असं वाटून मी त्या परक्या शहरात रुसून बसायची. तो रुसवा कोणाला दिसणार? मुलगी ऑफिसात, जावई ऑफिसात, मी आणि तान्हं बाळ चौथ्या मजल्यावर.

एका संध्याकाळी बाळ किंचाळत होतं, कुकर शिट्ट्या देत होता, माझी पाठ मोडून आली होती, आणि फोन आला. विचारलं, “काय करताय?” हे म्हणाले, “खालीच आहे. खाली बरं वाटतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “वाटणारच! इथं माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली, आणि तुम्हाला खाली बरं वाटतंय! एवढे खाली आहात तर वरच्या गाद्यांना ऊन दाखवा. पावसाळ्यापासून तशाच पडल्यात.”

हे म्हणाले, “दाखवतो.”

फाल्गुनात मी परत आले. शटर अर्धं वर होतं. खालच्या खोलीत भिंतीला लागून खाट, तिच्यावर ह्यांचं अंथरूण. बाजूला एक शेगडी, दोन भांडी, पाण्याचा तांब्या, दोरीवर टॉवेल. हे खाटेवर बसले होते. मला बघून उठले आणि उठल्या उठल्या दम लागून पुन्हा बसले. चेहरा हसरा, पाय मात्र घोट्यापाशी सुजलेले. मी सामान टाकून वर गेले. जिन्यावर धुळीचा थर. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दिवाळीच्या महिन्यावरच थांबलेलं. आतल्या खोलीत चारही गाद्या नीट घडी घालून, वर चादर टाकून ठेवलेल्या. उन्हात घातलेल्या गादीचा वास येतो तो अजून थोडा होता, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

खाली आले आणि विचारलं, “कधीपासून खाली आहात?”

“दिवाळीच्या आधीपासून. जिना चढलं की धाप लागते. खाली बरं वाटतं.”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगत होतो ना,” हे म्हणाले. “रोजच सांगत होतो.”

मी तिथंच पायरीवर बसले. म्हटलं, “अहो, मला वाटलं, रिकामे आहात म्हणताय.”

ह्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग हसले. “रिकामा असतो तर रिकामा म्हटलं असतं. तूच तर शिकवलं होतंस.”

“आणि निदान बोलवायचं तरी! कधी येतेस, एवढं तरी विचारायचं.”

“तूच म्हणाली होतीस, विचारू नका.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ह्यांनी नुसतं काय घडलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि सहज बोलून गेली, “भाभी, भैया त त्या दिवशी जिन्यातच बसून गेले होते. एकेक गादी घेऊन गच्चीवर जायचे. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणे, तिनं सांगितलंय.”

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, जरा आधी आणायला हवं होतं. औषधं सुरू झाली. मी माझंही अंथरूण खाली आणलं. खाली डास, ओल, समोरच्या मागांचा खडखडाट. हे विचारायचे, “तुला खाली बरं वाटतं ना?” मी म्हणायची, “हो, फार बरं वाटतं.” ते सपशेल खोटं होतं, आणि ह्यांनी ते खरं मानलं. तेवढं एक खोटं मी ह्यांच्याशी चांगल्यासाठी बोलले. आषाढात हे गेले.

लोक भेटायला आले तेव्हा सगळे तेच म्हणत होते, लई सीधा माणूस होता. मी मान हलवत होते. सीध्या माणसाबरोबर राहायचं तर आपल्याला नीट बोलावं लागतं आणि नीट ऐकावंही लागतं, हे त्यातल्या कोणाला कशाला सांगायचं? मला दोन्ही जमलं नाही. तीस वर्षं मी ह्यांना बोलणं शिकवत राहिले. जगात एकच माणूस असा होता, ज्याच्या शब्दाखाली दुसरं काही शोधायची गरज नव्हती, आणि मी नेमकं तिथंच शोधायला गेले.

मी अजून खालीच झोपते. वर जावंसं वाटत नाही. दुपारी लाईट गेली की समोरचे माग थांबतात, आणि मग घर किती मोठं आहे ते कळतं. परवा तशीच बसले होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

“आई, काय करतेस?”

“खाली आहे,” मी म्हटलं.

“मग बरंय की. आराम कर. ठेवू का?”

ती याच गावात वाढलेली. तिनं ऐकलं ते बरोबरच ऐकलं. एरवी मी “ठेव” म्हटलं असतं आणि दिवसभर मनात कुढत बसले असते. त्या दिवशी म्हटलं, “ठेवू नकोस. मला इथं एकटीला करमत नाही गं.” मग मी तो प्रश्न विचारला, जो ह्यांनी सहा महिने गिळून ठेवला होता.

“कधी येतेस?”

“बघते हं, आई,” ती म्हणाली. “नक्की बघते.”

बघते म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. ह्यांना कळलं नसतं. हे फोन ठेवून लगेच तयारीला लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना झाडला, वर गेले, आणि चारही गाद्या एकेक करून गच्चीवर उन्हात घातल्या.