बूचदादा आणि पुलाची भोकं

शाळेच्या पोरांना तो पहिल्यांदा दिसला, तो पुलाच्या कमानीशी दोराला लटकलेला, एक डोळा मिटून भिंतीतल्या भोकात बघताना. काय सापडलं, असं पोरांनी वरून विचारलं. तो म्हणाला, काही नाही सापडलं, म्हणून तर बरं आहे.

सगळे त्याला बूचदादा म्हणतात. हे नाव त्यानं स्वतःच्या हातांनी कमावलं.

पूल जुना, दगडी. बांधणारे गवंडी दोन्ही काठांवरून निघाले आणि मधल्या कमानीत कळीचा दगड ठोकून भेटले, असं सांगतात. खांबांना प्रवाहाच्या बाजूनं होडीसारखं नाक काढलंय, म्हणजे पाणी आपणहून दुभंगतं. पुढं एका पुरात पलीकडच्या कमानी गेल्या. त्या दुसऱ्या खाणीच्या दगडानं पुन्हा बांधल्या, म्हणून तिथला दगड काळपट. बाहेरून भरभक्कम दिसणाऱ्या या पुलाच्या पोटात मात्र माती आणि खडीच आहे. रस्त्यावरचं पाणी त्यात मुरतं. ते बाहेर पडावं म्हणून भिंतींत मुठीएवढी भोकं ठेवलेली.

तरुणपणी बूचदादा मामाच्या हाताखाली लागला. पुलाची देखभाल मामाकडं होती. भाचा कामाला वाघ आणि टापटिपीचा भारी सोस. मामानं सांगितलं, सांधे उघडे पडलेत, चुन्यानं भरून घे, आणि स्वतः लेकीकडं गेला. परत आला तेव्हा भिंत आरशासारखी. येणारे-जाणारे थांबून वाहवा करत होते.

पावसाळ्यात त्या भिंतीला पोट आलं. गाड्या थांबल्या. दवाखाना पलीकडच्या काठावर. भिंत कोसळली असती तर अलीकडच्यांना त्याची वाट बंद. मामानं हातोडीनं दगड वाजवून पाहिले.

"इथली भोकं कुठं गेली रे?"

"बुजवली."

"सगळी?"

"एकही सोडलं नाही, मामा," भाचा छाती फुगवून म्हणाला.

मामा ओरडला नाही. कठड्यावर बसला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "बाबा रे, पुलालाही लघवी लागते."

भाचा छिन्नी घेऊन धावला. पण ती भोकं आता शोधायची कुठं? काम इतकं बेमालूम झालं होतं की त्याचं त्यालाच कळेना. आपली हुशारी आपल्याच मुळावर आली म्हणायची. अंदाजानं छिन्नी मारावी तर कमजोर भिंत हादरणार. सकाळी पाऊस उघडला, ऊन आलं आणि दगड वाळू लागले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं: भिंतीवर काही गोल डाग ओलेच आहेत. मागून पाणी रेटत होतं. दोर बांधून तो उतरला, पहिलं बूच फोडलं आणि गढूळ पाण्याची चूळ थेट तोंडावर आली. वरून मामा म्हणाला, गिळू नकोस, पुढचं फोड.

भिंत वाचली. फुगलेलं पोट तेवढं राहिलं, आजही हाताला लागतं.

बांधकाम खात्याच्या साहेब लोकांनी मामाला सांगितलं, या पोराला घरी बसवा. तो दोर गुंडाळत सगळं ऐकत होता. मामा म्हणाला, "ज्यानं बुजवली त्याला आता भोक न् भोक पाठ झालंय. असा माणूस मी दुसरा कुठून आणू?"

या एका वाक्यावर आपला संसार उभा राहिला, असं बूचदादा म्हणतो. मामाला जाऊन बरीच वर्षं झाली. पुलावर पाय ठेवताना तो अजून चपला काढतो. बायको चिडवते, देवळात गेल्यावर विसरतात, इथं बरं आठवतं. तो म्हणतो, देवानं मला ठेवून घेतलं की नाही ठाऊक नाही. या पुलानं घेतलं.

हल्ली त्याचे गुडघे धरलेत. पावसाळ्याआधी भोकं साफ करायला सून उतरते. तो कठड्याशी उभा राहून दोर धरतो.