तुळसाला समुद्रातून घर बघायचं होतं

देवबागच्या तुळसा खवणेकरला वारा कळायचा. पहाटे पडवीत बसून, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारी मतलई अंगावर घेत, ती धाकट्या भावाला सांगायची, "मंगेश, मतलई आज लवकर पडतली. लांब जाव नको." मंगेश आधी हसायचा. दोन-तीनदा उलट्या वाऱ्यात भिजून परत आल्यावर त्याचं हसणं थांबलं.

तीन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. घर किनाऱ्यालाच लागून. बाप, शंकर, रोज समुद्रावर जायचा, पण पोरीला होडीत कधी घेत नसे. सातव्या वर्षी ती एकदा इतकी रडली, की त्याने कुणाला न विचारता तिला उचलून होडीत ठेवलं. आई, सावित्री, लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात धावली आणि तिला काढून घेऊन आली. "पाय नाय चेडवाक, पोवतली कशी?" एवढंच म्हणाली. बाप वल्हं मारत निघून गेला.

पुढे तुळसा जाळी दुरुस्त करायला शिकली. अर्ध्या गावाची फाटकी जाळी तिच्या मांडीवर येऊ लागली. जाळ्यात अडकून आलेलं ओलं शेवाळ ती नाकाशी धरायची आणि मग टाकून द्यायची. बाप गेला, मंगेशचं लग्न झालं, तिचं वय सेहेचाळीस झालं. समुद्र घरापासून पन्नास पावलांवर, पण ती पावलं तिची नव्हती.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याची एक संस्था देवबागलगतच्या कर्लीच्या खाडीत दोन शिडाच्या होड्या घेऊन आली. अपंग माणसांना आणि आजारी मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवायचं, असा त्यांचा बेत. आठव्या दिवशी एक शीड फाटलं. शिकवणारी दिव्या ते घेऊन, कुणीतरी सांगितल्यावरून, तुळसाच्या पडवीत आली.

तुळसाने शीड मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "ह्या होडयेत माझ्यासारक्यान बसाचा कसा?"

दिव्याने मोबाइलवर फोटो दाखवला. खाली जड लोखंड असल्याने होडी उलटत नाही, बसायला पाठीला टेकण असलेली खुर्ची, समोर एकच दांडा. पायांचं काही कामच नाही.

"उद्या या ना, तुळसाताई."

तुळसा आईकडे बघू लागली. सावित्री तेव्हा ऐंशीची. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण नकोही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगेशने बहिणीला उचलून होडीत बसवलं. दिव्या मागे बसली. शिडात वारा भरला, होडी कलली आणि तुळसाने दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. वारा तिला आयुष्यभर कळत होता, पण तो हाताला असा ओढतो हे तिला माहीतच नव्हतं. तासाभराने दिव्या म्हणाली, "चला, परत फिरू." तुळसाने ऐकलं नसल्यासारखं केलं.

"आमचा घर खंय दिसता हयसून?" तिने विचारलं.

दिसत नव्हतं. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. घर समुद्राच्या अंगाला. त्यासाठी खाडीच्या मुखातून बाहेर जावं लागणार, आणि तिथे पाण्याखाली वाळूचे बांध, वर लाटा. संस्थेचा नियम होता, खाडीबाहेर जायचं नाही.

त्या हंगामात आणि पुढच्याही ती रोज गेली. हळूहळू ती दुसऱ्यांनाही शिकवू लागली. कणकवलीची अकरा वर्षांची सृष्टी तिच्याबरोबर बसायची. तिला रक्ताचा कर्करोग होता. डोक्याला रुमाल, हाताला सुयांचे निळे डाग. पहिल्या दिवशी ती नुसती तुळसाच्या हातांकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, तुम्ही सोडा ना, मी धरते." तुळसाने दांडा सोडला. होडी वेडीवाकडी गेली आणि दोघी मोठ्याने हसल्या. मार्चमध्ये सृष्टी उपचारांसाठी मुंबईला गेली.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत दिव्याने खाडीबाहेर जायची परवानगी मिळवली. सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता. पुढे मंगेशची इंजिनाची होडी, मागे तुळसा आणि दिव्या. मुखातून बाहेर पडताना दोन लाटा छातीवर आल्या. मग एकदम मोकळं झालं.

किनारा लांबच लांब. सुरूची झाडं, माड, हॉटेलांची निळी छपरं. घर सापडेना. मंगेश ओरडला, "तां बघ गो ताये, तांबड्या कौलांचा!"

तिला दिसलं. नखाएवढं. थोडं जवळ गेल्यावर पडवी दिसली. कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग होता, आणि शेजारी तिची बसायची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे ती बघतच राहिली. बापाला रोज परतताना तिथे एक पोर बसलेली दिसत असणार. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर सावित्रीने विचारलं, "कसा दिसता आपला घर?"

"बारीक."

होडी दिसेनाशी झाल्यावर सावित्री पाण्यात उतरून उभी राहिली होती. आता ती ओल्या साडीचं टोक हातात घेऊन पिळत बसली. त्या दिवशी दोघींनी एका ताटात जेवण केलं.

आता पावसाळा आहे. होड्या शेडमध्ये झाकून ठेवल्या आहेत. गेल्या आठवड्यात सृष्टीचा फोन आला. केस परत आले आहेत, पण डॉक्टर अजून घरी सोडत नाहीत. खिडकीतून समुद्र दिसतो का, असं तुळसाने विचारलं. समोर इमारत आहे, म्हणाली.

फोन ठेवल्यावर तुळसाने दिव्याला लावला. "निवतीच्या किल्ल्यापर्यंत जावक मेळात काय गो, त्या होडयेतून?"

"खूप लांब आहे, ताई."

"माका माहीत आसा लांब आसा म्हणान."

मग दिव्या म्हणाली, "विचारून बघते."

अजून उत्तर आलेलं नाही.