हत्तिणीचं शेपूट

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कुणाचं माप म्हणून चुकलं नाही. त्यामागची युक्ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून, श्वास रोखून, सैन्यात भरती व्हायला आल्यासारखं उभं राही. मास्तर गंभीर चेहऱ्यानं मोठ्यानं "छत्तीस!" म्हणत आणि वहीत गुपचूप अडतीस लिहीत. गिऱ्हाईक खूश आणि शिवणही शाबूत.

असा हा माणूस म्हातारपणी एका गाडीपुढे हात टेकायला आला होता.

गाडी म्हणजे मोटरहोम. मेहुण्यानं शहर सोडताना मास्तरांच्या गळ्यात मारलेलं. आत दोघांपुरती झोपायची सोय, शेगडी, चिमुकली मोरी आणि अगदी मागच्या टोकाला पाण्याची टाकी. मास्तरांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी गाडीचं नाव हत्तीण ठेवलं. या हत्तिणीचा पार्श्वभाग मागच्या चाकांच्याही मागे चांगला पाच-सहा फूट लोंबत होता. त्यात मास्तरांचं घर उंचावर. अंगणातून रस्त्यावर उतरायला सिमेंटचा उतार होता, घसरगुंडीनं लाजावं असा. मागची चाकं उताराच्या पायथ्याशी आली, की गाडी रस्त्यावर आडवी सपाट व्हायची आणि शेपूट मागच्या चढाला जाऊन भिडायचं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण मास्तर शाळेतच शिकले होते. प्रात्यक्षिक आता झालं.

पहिल्यांदा घासली तेव्हा नंबरप्लेट दुमडली. दुसऱ्यांदा मोरीचा पाइप तुटला आणि भांडी धुतलेलं पाणी समोर राहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. त्या दिवशी बायकोनं निकाल दिला.

"तिसऱ्यांदा घासली, की हत्तीण लाँड्रीवाल्याला. त्याला आत इस्त्रीचं दुकान मांडायचंय. मी शब्द दिलाय."

"अगं, पण रविवारी तुझ्या बहिणीकडे, तळ्याकाठी..."

"बस जाते तिथं."

'एवढी घाई संपली की जाऊ' म्हणत मास्तरांनी बायकोला चाळीस वर्षं तळ्याची वाट पाहायला लावली होती. आता तिथंही ती एकटी बसनं जाणार म्हणजे काय राहिलं?

ट्रक ड्रायव्हर सल्ला द्यायला आला. "मास्तर, तिरकी काढा, तिरकी!"

"तिरकी काढायला जागा कुठाय? दोन्ही बाजूंना भिंत."

"मग पायथ्याशी फळ्या टाका. मागची चाकं तिथं आली की फळीवर चढतील. चाकं उचलली की शेपूटही उचललं जातंय!"

हे मास्तरांना पटलं. आठवडाभर ते टेप, दोरा आणि ओळंबा घेऊन गाडीखाली लोळत होते. उताराचं माप घेतलं, शेपटाचं घेतलं, दोन बोटं जास्तीची धरली आणि त्या हिशेबानं दोन जाड फळ्या करून घेतल्या.

रविवारी सकाळी फळ्या जागेवर बसल्या. मास्तरांनी शेपटाच्या खालच्या कडेला शिवणकामाचा पांढरा खडू घासला.

"लागली, तर सिमेंटवर रेघ उठेल," ते म्हणाले.

"आणि रेघ उठली, तर गेली," असं म्हणून बायको न्यायाधीशासारखी उताराच्या कडेला उभी राहिली. लाँड्रीवालाही आला होता. इस्त्रीचं टेबल आत कुठं बसेल, हे तो खिडकीतून डोकावून बघत होता.

मास्तरांनी ब्रेक सोडला. गाडी हातभर सरकली नाही तोच ड्रायव्हर ओरडला, "थांबा, थांबा! शेपूट बसलंय हो! काल एवढं खाली नव्हतं."

मास्तर उतरून बघतात, तर शेपूट चांगलं चार बोटं खाली. मागचं दार उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. तिच्या शेजारी बारा बरण्या, गाद्यांची वळकटी आणि बहिणीला द्यायचं ते लोखंडी शिलाई मशीन.

"हे सगळं मागे कुणी ठेवलं?"

"तुम्हीच म्हणालात, पुढे ठेवलं तर डोक्यात पडेल."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. माप त्यांनी रिकाम्या गाडीचं घेतलं होतं! पोटं ओळखण्यात उभी हयात गेली आणि नेमकी ही हत्तीणच पोट आत ओढून उभी राहिली, ते कळलं नाही.

टाकी सोडली. पाणी पुन्हा ड्रायव्हरच्या दारात गेलं. त्यानं फक्त विजार वर केली. बरण्या पुढे आल्या. मशीन उचलून पुढे ठेवायला एक माणूस कमी पडत होता, म्हणून लाँड्रीवाल्यालाच खांदा द्यावा लागला. आपल्याच दुकानाला खांदा देतोय, असं त्याचं तोंड झालं होतं.

मास्तर पुन्हा बसले. पुढची चाकं रस्त्यावर आली. मागची फळीवर चढली, उतरली. त्याच क्षणी मागून आवाज आला, 'सर्र'. अगदी हलका, कापडावरून खडू फिरावा तसा. दुसऱ्या कुणाला तो ऐकू गेला नसता.

मास्तरांनी आरशात बघितलं. बायको वाकून सिमेंटकडे निरखून पाहत होती. मग तिनं लाँड्रीवाल्याकडे एक नजर टाकली. तो खांदा चोळत बसला होता. तिनं चप्पल पुढे सरकवली आणि जमिनीवर दोनदा, अगदी सहज घासली.

"काय गं, लागली का?" मास्तरांनी खिडकीतून मान काढून विचारलं.

"छत्तीस!" ती मोठ्यानं म्हणाली.

ड्रायव्हर आणि लाँड्रीवाला एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरांचे कान मात्र लाल झाले. ही इतकी वर्षं आपली वही वाचत होती तर!

बायको शेजारी येऊन बसली. तिच्या चपलेचं टोक पांढरं झालं होतं. मास्तर तिकडे बघताहेत म्हटल्यावर तिनं पाय मशीनमागे ओढून घेतला.

"चला आता," ती म्हणाली, "आणि परत येताना फळ्या आणखी बोटभर जाड लागतील हं."